पानावर बसलेला पक्षी

तंजावूर,
१२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप अक्कास,

नमस्कार शेवटी घालतो, कारण तुझा पक्षी अजून खातो आहे.

कालपासून खातो आहे. काल सकाळी मी फोन उघडला तेव्हा त्याच्या चोचीत एक मासा होता. दुपारी दुसरा. आत्ता तिसरा अर्धा आत आणि अर्धा बाहेर आहे. शेपटी हलते आहे. समोर माझा गुंडू उभा आहे. दगडी पाठ, आखूड पाय, गरीब चेहरा. कासवाला याहून जास्त काही लागत नाही. खाली लाल अक्षरांत प्रश्न येतो, वार करायचा की थांबायचं. मी थांबतो. एका दिवसात खेळी केली नाही तर पाळी आपोआप तुझ्याकडे जाते. तुझी पाळी आली की तू त्याला परत पाण्यात बुडी मारायला लावतेस. खाऊन खाऊन तो फुगतो, आणि फुगला की एका पंखाच्या फटक्यात गुंडू उताणा. पहिली झुंज मी अशीच हरलो. ही दुसरीही त्याच वाटेनं चालली आहे.

पोंगलला तुझी नात अखिला आली आणि तिनं आपल्या दोघांच्या फोनवर हा खेळ घातला, तेव्हा तिचा हेतू एवढाच होता की आपण भांडायचं थांबावं. झुंजींवर अम्माची ती जुनी दगडी कल्चट्टी पैजेला लावायची ही कल्पना माझी. तीन झुंजी, दोन जिंकेल त्याची चट्टी. मी तेव्हा हुशार होतो असं मला वाटलं होतं.

चट्टी मिळेपर्यंत माझा आवाज ऐकणार नाही असं तू म्हणालीस, म्हणून फोनवर बोलणं बंद. तिरुवैयारुची बस आमच्या कोपऱ्यावरून सुटते, आणि मी पोस्टाच्या पेटीपर्यंत चालत जातो. पोस्टमन मला विचारतो की पलीकडे कोण आहे. मी सांगितलं, बहीण. त्याचा विश्वास बसलेला नाही.

एक फायदा मात्र आहे. या घरात देवनागरी कोणी वाचत नाही. विजया मराठी बोलते, पण वाचायचं तर तमिळ. पत्र टेबलावर उघडं पडलं तरी कुलपात ठेवल्यासारखं आहे. वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस दिवसभर फोनवर कासव लढवतो हे तिला कळायला नको. चट्टी पैजेला लागली आहे हे तर मुळीच नको. ती रोज तिच्यातच आमटी करते.

त्याचं जेवण आटोपलं की कळव. मग लढू.

आता वर राहिलेला साष्टांग नमस्कार. माझ्यावर लोभ आहे तेवढाच असू दे, वाढवायला सांगायची ही वेळ नाही.

राघू

---

तिरुवैयारु,
१५ फेब्रुवारी २०२५

चि. राघूस,

अनेक आशीर्वाद. हरणाऱ्याला थोडे जास्तच.

त्याचं जेवण आटोपणार नाही. त्याचा स्वभावच तो आहे. अखिलानं मला पुष्कळ प्राणी दाखवले होते. एकाच्या तोंडातून जाळ, एकाच्या शेपटीत वीज, एकाला तीन डोकी. हा एकटा बाजूला खडकावर बसून खात होता. पाणकावळ्यासारखा काळा, गळ्याखाली झोळी, आणि आजूबाजूला लढाई चालली आहे याचं त्याला काही नाही. म्हटलं, हा घरचा. खेळातलं त्याचं नाव गल्पॉन. ते माझ्या तोंडात बसत नाही. आपण ज्याला भोजनभाऊ म्हणतो त्याला आमच्या शेजारच्या बायका साप्पाट्टु रामन म्हणतात. मी तेच ठेवलं. हाक मारली की मान वर करतो. तीन पिढ्यांत या घरात मासा आला नाही, तो आता फोनमध्ये येतो. मी डोळे मिटून बटण दाबते.

तू वार का करत नाहीस ते मला पहिल्या झुंजीतच कळलं. पानावर बसलेल्याला उठवायचं नाही, रागवायचं नाही, त्याच्यावर हात उगारायचा नाही. अम्मानं आपल्याला अ आ इ ई च्या आधी हे शिकवलं. तुला तर त्या नियमानं जगवलं आहे. तू शाळेच्या नळाला भोक पाडलंस तेव्हा हेडमास्तर व्यंकटरमण राव छडी घेऊन दारात आले होते. तू पानावर होतास. अम्मानं त्यांना ओट्यावर बसवलं आणि सांगितलं की मुलगा जेवतो आहे, उठला की तुमच्या हवाली करते. तू भात मागितलास. परत भात मागितलास. रसम, मग ताक, आणि ताकानंतर पुन्हा रसम, जे आजवर कोणी मागितलेलं नाही. हेडमास्तरांना बाहेर फोडणीचा वास येत होता. शेवटी अम्मानं त्यांचंही पान वाढलं. ते जेवले, आणि जेवलेल्या घरातल्या मुलाला मारवेना म्हणून छडी काखेत धरून गेले.

आता त्या पक्ष्याच्या तोंडाकडे नीट पाहा. ओळखीचं वाटतं का?

तू विचारशील की एवढं सगळं एका दगडी भांड्यासाठी कशाला. तर सांगते, कारण हे पत्रही इथे कोणाला वाचता येत नाही. हरिप्रसाद आणि लावण्यानं स्वयंपाकघर नवं केलं. विजेवर चालणारी काळी काच आहे. तिच्यावर लोखंड चालतं, आपलं पितळ चालत नाही, दगड तर नाहीच. लावण्या सून म्हणून वाईट नाही. वाईट असती तर मी भांडले असते. ती म्हणते, तुम्ही आता बसा. म्हणून मी बसते. सकाळी बसते, दुपारी बसते, मध्ये उठून दुसऱ्या खुर्चीवर बसते. दोन वर्षांत माझ्या हातचं कोणी काही खाल्लेलं नाही, फोनमधल्या त्या पक्ष्याशिवाय.

कल्चट्टी त्या काचेवर तापणार नाही, हाच तिचा गुण. ती आली की तिच्यासाठी वेगळी शेगडी लागेल, मागच्या अंगणात का होईना. शेगडी आली की तिच्यापाशी उभं राहायला माणूस लागेल. मला चट्टी नको आहे, राघू, शेगडी हवी आहे. आणि मागून घेतलेली नको. अम्माच्या भांड्यामागून आपोआप आलेली हवी.

तेव्हा थांबत राहा.

विजयाला आशीर्वाद, कारण न सांगता. तुझा खोकला कसा आहे ते लिही. तेवढी माया शिल्लक आहे असं समज.

अक्का

---

कोइंबतूर,
१८ फेब्रुवारी २०२५

राघूआजोबांना अखिलाचा वाकून नमस्कार.

मी हे हाताने लिहिते आहे. आजीनं मला अक्षरं शिकवली तेव्हा अट घातली होती की महिन्याला एक पत्र मराठीत लिहायचं, घरात कोणालाही चालेल. या महिन्याचं तुम्हाला. चुका असतील. आजीला दाखवू नका, ती लाल पेनानं परत पाठवते.

तुमच्या फोनमध्ये काही बिघाड आहे का? खेळात मला तुम्हा दोघांच्या झुंजी दिसतात. तुमच्या बाजूला सगळीकडे एकच शब्द आहे, थांबला. थांबला, थांबला, थांबला. माझी मैत्रीण साईप्रिया म्हणाली की हा खेळाडू झोपला आहे. मी म्हटलं, ते आमचे आजोबा आहेत, आणि ते दुपारीसुद्धा झोपत नाहीत.

मी कोणाची बाजू घेत नाही. पण गल्पॉनला हरवायचा एकच उपाय आहे आणि तो इथे सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या तोंडात मासा असताना मारायचं. तेव्हा तो गुदमरतो, मासा बाहेर येतो आणि सगळी ताकद जाते. गिळून झाल्यावर मारलं तर उपयोग नाही. तुम्ही नेमकं गिळून होईपर्यंत थांबता. असं कोणीच करत नाही.

आजीच्या पक्ष्याबद्दल सांगते. तो खेळात जितका जाड होता येतं तितका जाड झाला आहे. इतका जाड मी दुसऱ्या कोणाकडे पाहिला नाही. झुंज नसतानाही ती त्याला खायला घालते. सकाळी नाश्त्याच्या वेळी, मग जेवणाच्या वेळी, मग चार वाजता. माझी अम्मा फोनवर तक्रार करते की आजीला फोनचं वेड लागलं. मला ते वेड वाटत नाही, पण काय वाटतं ते मला मराठीत लिहिता येत नाही. तमिळमध्येही आलं नसतं.

लवकर संपवा एवढंच. ती तुमच्याशी बोलत नाही, आणि रविवारी मला दोनदा विचारलं की तुमचा खोकला कसा आहे.

विजयाआजींना नमस्कार. माझ्यावर आहे ती माया परीक्षा होईपर्यंत तरी टिकवा.

अखिला

---

तंजावूर,
२२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप अक्कास,

साष्टांग नमस्कार. या वेळी आधीच घालतो, कारण पुढचं वाचल्यावर तू तो घेणार नाहीस.

मी वार केला.

तुझ्या घरातल्याच कोणीतरी मला उपाय सांगितला. नाव सांगत नाही. दोन दिवस मी तो मनात ठेवला. काल सकाळी त्याच्या चोचीत मासा होता, नेहमीसारखा अर्धा. मी बटण दाबलं. गुंडूनं डोकं खाली घातलं आणि धावला. तो धावू शकतो हे मलाही माहीत नव्हतं. मासा बाहेर पडला. पक्षी खोकला. माणसासारखा खोकला, अक्का. मग त्यानं खाली पडलेल्या माशाकडे पाहिलं, आणि मग पडद्यातून माझ्याकडे. ज्यांनी हे चित्र काढलं त्यांनी एवढं करायला नको होतं.

त्यानंतर तो उठला नाही. ढोल वाजले, कागदाची फुलं पडली, गुंडू दोन पायांवर नाचला. मी फोन उलटा ठेवला.

विजयानं पान वाढलं होतं. दोन घासांवर माझं जेवण थांबलं. तिनं विचारलं काय झालं. मी म्हटलं, पोटात वायू. तिनं ओव्याचं पाणी दिलं. ते प्यालो. शिक्षा म्हणून ठीक होतं.

तर आता एक तुझी आणि एक माझी. तिसरी सोमवारी सुरू होईल.

तुझं मागचं पत्र मी पुन्हा वाचलं. शेगडी हवी तर मी हरिप्रसादला सांगतो. मामाचं तो ऐकतो. एका फोनचं काम आहे. त्यासाठी ना पक्षी लागतो ना कासव.

खोकला कमी आहे. विजयाचा नमस्कार, तिला न विचारता. जमेल तेव्हा आणि जमेल तेवढा लोभ करावा.

राघू

---

तिरुवैयारु,
२५ फेब्रुवारी २०२५

राघवेंद्रास,

आशीर्वाद. अनेक नाहीत. एक.

जेवणाऱ्याला मारलंस. अम्मा असती तर तुला ओट्यावर बसवलं असतं आणि पान वाढलं नसतं. अखिलानं सांगितलं असणार, तिला माफ, ती वसतिगृहात जेवते. तुला माफ नाही.

काल एकादशी होती. मी उपास केला आणि साप्पाट्टु रामनलाही करायला लावला. आज द्वादशी, पारणं मी केलं, त्याला करू दिलं नाही. त्याचा उपास आता चालूच राहील. तुझ्यासमोर त्याला वाढायचं म्हणजे परत मार खायला बसवायचं. तो काही मागत नाही. माझ्याकडे पाठ करून खडकावर बसला आहे. मान आत घेतली आहे. गळ्याखालची झोळी रिकामी लोंबते. मी दर थोड्या वेळानं पाहते आणि परत ठेवते.

लावण्यानं विचारलं की डोळ्यांत काही गेलं का. मी म्हटलं, हो.

हरिप्रसादला एक अक्षर बोललास तर हे शेवटचं पत्र. मुलानं मामाच्या सांगण्यावरून आईला शेगडी घेतली असं मला ऐकायचं नाही. चाळीस वर्षं मी या घराला जेवू घातलं. माझी शेगडी कोणाच्या शिफारशीवर यायची नाही.

झुंज सुरू झाली आहे. तुझी खेळी.

विजयाला अनेक आशीर्वाद. तुला वर दिला तोच पुरवून वापर.

भागीरथी

---

तंजावूर,
१ मार्च २०२५

तीर्थरूप अक्कास,

साष्टांग नमस्कार. हरलेल्या माणसाचा आहे, जपून घे.

पहिल्या दिवशी मी थांबलो. तुझा पक्षी पाठ करून बसला होता. पाठ केलेल्यावर वार करायचा नाही, हा नियम कोणी शिकवलेला नाही, पण तो असणार. दुसऱ्या दिवशीही थांबलो. मग खाली सूचना आली की उपाशी प्राणी लवकरच मैदान सोडून जाईल आणि विजय माझा होईल. मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं. निवृत्त माणसाला याहून सोपं काय.

मी चट्टीचा विचार केला. ती घरात राहील. विजयाला कधी काही कळणार नाही. मग तो पक्षी थोडा हलला. त्यानं मान मागे वळवली, माझ्याकडे नाही, पाण्याकडे पाहिलं, आणि परत आत घेतली.

जेवणाऱ्याला मारलं त्यापायी मला एक रात्र झोप नव्हती. उपाशी बसवून जिंकलो असतो तर किती रात्री गेल्या असत्या, याचा हिशोब मी केला नाही.

खेळात कोपऱ्यात एका टोपलीचं चित्र आहे. समोरच्याच्या प्राण्याला खाऊ पाठवता येतो. आजवर मला वाटायचं, ही टोपली कोण वापरत असेल. मी वापरली. टोपली भरून मासे पाठवले. त्यानं एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि मग सगळे मासे खाल्ले. मग टोपली खाल्ली. मग गुंडूकडे पाहिलं.

गुंडू हलला नाही. माझाच तो, थांबला. आधी डोकं गेलं, मग पाठ, थोडा वेळ मागचे दोन पाय दिसत होते, मग तेही नाहीत. पक्ष्याच्या गळ्यात एक मोठा गोळा खाली सरकला. ढोल वाजले ते तुझ्याकडे.

चट्टी तुझी. कधी आणून देऊ ते लिही. विजयाला अजून सांगितलेलं नाही. बाजारातून तिच्यासाठी एक नवी कल्चट्टी आणून ठेवली आहे, कोरी, पांढरट, अजून तेलही न लागलेली. माझ्या कपाटात कपड्यांमागे आहे. दोन चट्ट्यांमधला फरक तिला कळेल का असा प्रश्न मी स्वतःला विचारला, आणि उत्तर ऐकून घाबरलो.

लोभ मागत नाही. दया चालेल.

राघू

---

तिरुवैयारु,
४ मार्च २०२५

चि. राघूस,

अनेक आशीर्वाद, मागचे राहिलेले धरून.

तू त्याला जेवू घातलंस हे मी पाहिलं. टोपली खाल्ली तेव्हा हसले. गुंडू गेला तेव्हा वाईट वाटलं. तो अजून आत आहे. साप्पाट्टु रामन चालतो तेव्हा आतून दगड वाजल्यासारखा आवाज येतो. मार बसला की तो गिळलेलं बाहेर टाकतो म्हणे, पण आता त्याला मारायला समोर कोणी उरलं नाही, आणि मी मारणार नाही.

जिंकले हे खरं. आता पुढचं ऐक. काल मी लावण्याला सहज सांगितलं की अम्माची दगडी चट्टी राघूकडून यायची आहे. तिला इतका आनंद झाला की मला वाटलं, झालं, शेगडी आली. ती मला हाताला धरून दिवाणखान्यात घेऊन गेली आणि काचेचं कपाट उघडून दाखवलं. मान हलवणारी बाहुली थोडी सरकवायची, हरिप्रसादची बक्षिसाची ढाल खालच्या फळीवर न्यायची, आणि मध्ये चट्टी. वरून एक लहान दिवा सोडायचा. शंभर वर्षांची वस्तू आहे, अशा वस्तू आता मिळत नाहीत, आल्यागेल्याला दाखवता येईल, असं ती म्हणाली. मनापासून म्हणाली. मी म्हटलं, छान दिसेल.

तेव्हा आणू नकोस. जी चट्टी सकाळी फोडणी ऐकते ती दिव्याखाली बसवायला मी जिंकले नाही. मी तरी वेगळी कुठे बसते, पण तिला नको. विजयाकडेच राहू दे, विजयाला काही सांगायचीही गरज नाही. कोरी चट्टी दुकानदाराला परत कर.

मी जिंकले एवढं पुरे. पक्ष्याला खायला घालते. तो खातो.

माझा आवाजाचा नियम मात्र तसाच आहे, कारण चट्टी मिळालेली नाही. तुझ्यावर लोभ आहे, तो कागदावरच घे.

अक्का

---

तंजावूर,
७ मार्च २०२५

अक्कांना विजयाचा नमस्कार.

अक्षरं तमिळ आहेत, भाषा आपलीच आहे. तुम्हाला तमिळ वाचता येतं, तेव्हा हे पत्र कुलपात नाही. कोणीही वाचलं तरी मला चालेल.

तुमचे भाऊ चार दिवस स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून चट्टीकडे पाहत होते. पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. मग धोबी आला म्हणून मी कपाट उघडलं, तर सदऱ्यांमागे कोरी कल्चट्टी. ती टेबलावर ठेवली, शेजारी तुमची पत्रं ठेवली, आणि त्यांना सगळी मोठ्यानं वाचायला सांगितलं. त्यांनी वाचली. अडचणीच्या जागी खोकले. मी परत वाचायला लावलं.

दोघा भावंडांनी मिळून माझं भांडं पैजेला लावलं. कासव आणि पक्षी यांना विचारलंत. मला विचारलं नाहीत.

अम्मांनी ती चट्टी कोणाला दिली यावर तुम्ही दोघं वर्षभर भांडता आहात. त्यांनी कोणालाच दिली नाही. त्या गेल्या तेव्हा ती चुलीवर होती. आमटी आटत होती. सगळे पुढच्या खोलीत रडत होते आणि कोणीतरी ती खाली उतरवायला हवी होती. मी उतरवली. तेव्हापासून रोज मी चढवते आणि मी उतरवते. ती या घरातून हलणार नाही.

आता तुमचं. तुमच्या पत्रात तुम्ही स्वतः लिहिलं आहे की चट्टी नको, शेगडी हवी. तर मी काल लावण्याला फोन केला. माझ्यावर कोणी अट घातलेली नाही. मी तिला पैजेचं सांगितलं नाही, पक्ष्याचं सांगितलं नाही. एवढंच विचारलं की अक्का स्वयंपाकघरात का जात नाहीत. ती म्हणाली की तुमचे यजमान गेल्यावर तेराव्या दिवशी तुम्हीच म्हणालात, आता माझ्यानं चुलीपाशी उभं राहवत नाही. तुम्ही ते त्या दिवसापुरतं म्हणालात. तिनं जन्माचं धरलं. दोन वर्षं ती पोरगी एकटी सगळं करते आणि समजते की सासूला जपते आहे. तुम्ही बसता आणि समजता की सुनेनं बसवलं. तुमच्या घराण्यात एकमेकांना विचारायची पद्धतच दिसत नाही. सगळे समोरच्याचं आटोपायची वाट पाहतात.

रविवारी आम्ही दोघं येतो. गॅसची एक शेगडी अंगणात लावायची आहे, ती लावण्यानं ठरवली आहे, कोणाच्या शिफारशीनं नाही. मी कोरी चट्टी आणते. जुन्या चट्टीला काय, चढवली की झालं. नवी मुरवायला महिना लागतो, रोज तांदळाचं धुवण उकळायचं, एरंडेल आणि हळद लावायची, मंद आचेपाशी उभं राहायचं. तुम्हाला शेगडी हवी होती ना, तर शेगडीला नवी चट्टीच जास्त दिवस लागते. मुरली की ती तुमची.

इथला लोभ पैजेला लावलेला नाही, तो आहे तिथेच आहे.

विजया

---

तिरुवैयारु,
९ मार्च २०२५, रविवार

चि. अखिलास,

अनेक आशीर्वाद, आणि त्या उपायाबद्दल वेगळा एक. तो उपाय परत कोणाला सांगू नकोस.

हे पत्र तुझ्याच घरातून लिहितो आहे. आज सकाळच्या बसनं आम्ही आलो. तुझ्या विजयाआजीनं चट्टी धोतरात गुंडाळून मांडीवर घेतली होती. शेजारच्या बाईंनी विचारलं की बाळ किती महिन्यांचं. विजयानं सांगितलं, अजून दूध पाजायचं आहे. मी खिडकीतून कालवा पाहत होतो.

दार तुझ्या आजीनं उघडलं. मला पाहून तोंडावर बोट ठेवलं. चट्टी मिळेपर्यंत माझा आवाज ऐकायचा नाही, आणि ही चट्टी ती चट्टी नव्हे. सगळे दारात उभे. तिनं विजयाच्या हातून चट्टी घेतली, उलटी करून बुड पाहिलं, नखानं वाजवली, आणि मग विचार करून निर्णय दिला की आपण शपथ घेतली तेव्हा कोणती ते बोललो नव्हतो. त्यानंतर ती जेवणापर्यंत बोलत होती आणि माझा आवाज ऐकायची वेळ आलीच नाही.

तुझ्या अम्मानं अंगणात शेगडी मांडली. ती आणि आजी तिच्या दोन बाजूंना बराच वेळ उभ्या होत्या. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. मी वीज मंडळाचा माणूस, मला तुझ्या अप्पाबरोबर अंगणातला दिवा लावायला लावलं होतं. परत आलो तेव्हा तुझी अम्मा डोळे पुसत होती आणि आजी तिला रागावत होती की हे दोन वर्षांपूर्वी विचारायला काय झालं होतं. विजया म्हणाली की तोच प्रश्न तिला दोघींना विचारायचा आहे.

दुपारभर आजीचा फोन फडताळावर टिवटिव करत होता. पक्ष्याला भूक लागली होती. ती उठली नाही. शेवटी तुझ्या अम्मानं फोन उघडला, आणि हा कोण म्हणून विचारलं. आता ती त्याला खायला घालते आहे. तिसऱ्या माशाला ती म्हणाली की हा पुरे म्हणतच नाही. आजी म्हणाली की तो म्हणणार नाही, आपणच वाढत राहायचं.

एक काम कर. गुंडू अजून आत आहे. त्याला बाहेर काढायचा काही उपाय असेल तर कळव. त्यासाठी पक्ष्याला मारावं लागणार असेल तर राहू दे, आत त्याला निदान ऊब असेल.

अभ्यास कर. वसतिगृहात पोट भरून जेव. आमच्यावर लोभ आहेच, तो तुझ्या सोयीनं वापर.

राघूआजोबा

ता. क. परवा पेटी बंद झाली होती आणि काल अक्काच्या एकादशीत पत्र राहिलं. आज मंगळवार, द्वादशी. सकाळी अक्कानं अंगणातली शेगडी पेटवली. कोऱ्या चट्टीत तांदळाचं धुवण उकळलं, ओतून दिलं, परत उकळलं. चट्टीला तडा गेला नाही. आमटी व्हायला अजून महिना आहे. आम्ही सगळ्यांनी लावण्याच्या काचेवरच्या इडल्या खाल्ल्या.